टाकताना तीन सेकंद, काढताना तीन दिवस

आयपीएलचे दिवस. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मुक्ताईनगरला हायवेच्या कडेला चहाच्या टपरीबाहेर गाडीवर बसून तुम्ही आणि तुमचा मित्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसलायत. त्याच्या ‘आयडी’वर अठरा हजार चारशे रुपये दिसतायत. ‘विथड्रॉ’चं बटण त्यानं परवाच दाबलंय. तेव्हापासून स्क्रीनवर एकच शब्द आहे : पेंडिंग. तुम्ही विचारता, ‘‘काय भो, आले का पैसे?’’ तो म्हणतो, ‘‘बँकेचं सर्व्हर डाऊन आहे म्हणतात. उद्या येतील.’’

हे ‘म्हणतात’ म्हणजे नेमकं कोण म्हणतं? टेलिग्रामवरचा एक नंबर. डीपीला कुठल्याशा क्रिकेटरचा फोटो, नाव ‘सपोर्ट २४ तास’. तो कोण, कुठला, मित्राला माहीत नाही. तरी त्याचं म्हणणं मात्र खरं मानलं जातंय.

आधी हे बँकेचं कारणच निकालात काढू. आयएमपीएस आपल्याकडे २०१० पासून आहे, यूपीआय २०१६ पासून. दोन्ही रविवारी चालतात, पाडव्याला चालतात, रात्री दोनला चालतात. एनईएफटीसुद्धा १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, बाराही महिने सुरू आहे आणि तिथं दर अर्ध्या तासाला पैशांचा गठ्ठा पुढं सरकतो. म्हणजे सगळ्यांत संथ रस्ता धरला, तरी बँक काही तुमचे पैसे तीन दिवस दाबून बसत नाही. सर्व्हर कधीमधी गंडतो, हे खरं. पण तसं झालं तर व्यवहार ‘फेल’ दिसतो, आणि पैसे टाकणाऱ्यांचेही अडकतात. इथं टाकणाऱ्याचे तर तीन सेकंदांत गेले होते. ‘डिपॉझिट सक्सेसफुल’चा हिरवा टिकमार्क लगेच आला होता. बँक तीच, मोबाइल तोच, नेटही तेच. मग परतीच्या वाटेवरच ट्रॅफिक जाम का?

काही वेळा उशिराला खरंच कारण असायचं. ‘असायचं’ असं म्हणतोय, कारण ती गोष्ट आता जुनी झाली. रमी, फँटसी क्रिकेट, लुडो हे पैशांचे खेळ कंपन्या उघडपणे चालवत होत्या, तेव्हा पैसे काढायला गेलं की केवायसी आडवी यायची. पॅन कार्डावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे अर्धा तालुका पाटील आणि चौधरी, त्यात इंग्रजी स्पेलिंग पॅनवर एक, पासबुकात दुसरं. अडकलं. एकाच माणसानं चार सिमवर चार खाती काढून बोनस लाटलाय का, हेही तपासलं जायचं.

मग टॅक्स. १ एप्रिल २०२३ पासून आयकर कायद्यात १९४बीए हे कलम आलं. त्यानुसार निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टॅक्स, तोही पैसे काढतानाच कापायचा. म्हणजे वर्षभरात तुम्ही १०,००० टाकले आणि १४,००० काढले, तर जिंकले ४,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे १,२०० कापून हातात १२,८००. हा हिशेब कंपनीला प्रत्येकाचा वेगळा करावा लागायचा. त्यात काही तास जाणं समजू शकतं. हा ‘कापून’ शब्द मात्र लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. अशा खेळांचे पैसे फिरवणाऱ्यांवरही बंदी. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २०,००० कोटींच्या आसपास रुपये यात हरतात, असा अंदाज त्या वेळी सरकारकडून सांगितला गेला होता. त्याच आठवड्यात ड्रीम इलेव्हन, एमपीएल, झुपी यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि वॉलेटमधली शिल्लक काढून घेता येईल, असं ग्राहकांना कळवलं.

म्हणजे आज तुमच्या मित्राच्या मोबाइलवर जे ‘पेंडिंग’ दिसतंय, ते पॅनच्या स्पेलिंगमुळे नाही. त्याच्या साइटनं पॅन मागितलंच नव्हतं. तेव्हा तर त्याला ते सोयीचं वाटलं होतं.

रद्द करायचं बटण

जुगाराच्या धंद्यात उशीर ही वस्तू मुद्दाम तयार केली जाते. जगभर केली जाते. पैसे काढायची रिक्वेस्ट टाकली की ती ‘पेंडिंग’मध्ये जाते आणि तिच्या शेजारीच एक बटण असतं : रिक्वेस्ट रद्द करा. पैसे अजून तुमच्या खात्यात गेलेले नसतात, पण साइटवर तर दिसत असतात. दुसऱ्या दिवशी मॅच असते. हात शिवशिवतो. ‘एवढे येतीलच, त्यातले हजार लावून बघू.’ बटण दाबलं जातं. सकाळपर्यंत काढायला काही उरतच नाही.

इंग्रजीत याला ‘रिव्हर्स विथड्रॉवल’ म्हणतात. ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे, कंपन्यांना लायसन्स असतं. तरी तिथल्या गॅम्बलिंग कमिशननं हे बटण ३१ ऑक्टोबर २०२१ पासून कायमचं बंद केलं. त्याच्या आधी, मे २०१९ मध्ये, आणखी एक नियम आला होता : जी कागदपत्रं आधीच मागता आली असती, ती पैसे काढायच्या वेळी अट म्हणून मागायची नाहीत. म्हणजे टाकताना ‘या, बसा’ आणि काढताना ‘आधार आणा, लाइट बिल आणा’ हा खेळ तिथंही चालत होता. लायसन्स असलेल्या कंपन्यांना कायद्यानं रोखावं लागलं. टेलिग्रामवरच्या ‘सपोर्ट’ला कोण रोखणार?

दुसरी युक्ती बोनसची. ‘पाचशे टाका, पाचशे फ्री.’ खाली बारीक अक्षरात : वीस पट टर्नओव्हर पूर्ण झाल्यावर विथड्रॉवल. आपण वाचत नाही. वाचलं तरी आकडा डोक्यात शिरत नाही. चला, करूनच बघू. तुमचे ५०० आणि त्यांचे ५००, मिळून १,०००. त्याची वीस पट म्हणजे २०,००० रुपयांचे डाव तुम्हाला लावावे लागणार, तेव्हा कुठं पैसे काढायचं दार उघडणार. आता प्रत्येक डावात साइटवाल्याचा वाटा शेकडा पाच धरा. तो यापेक्षा जास्तही असतो. २०,००० चे पाच टक्के किती? १,०००. बरोब्बर तेवढेच, जेवढे तुमच्या खात्यात होते. दार उघडेपर्यंत सरासरीनं आत काहीच शिल्लक राहणार नाही, अशी ती अट बेतलेली असते. एखादा सुटतो. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो आणि बाकीच्यांचं डिपॉझिट वाढतं.

बँकेत जाऊन एफडी करताना आपण दहा प्रश्न विचारतो, आणि इथं एकही नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

जुन्या ६ नंबरच्या हायवेवर

मुक्ताईनगरातून जाणारा हायवे आता ५३ नंबरचा. पण घरच्या मोठ्या माणसांना तो ६ नंबरचाच आठवतो. मलकापूर, अकोला, नागपूर करत तो भिलाईवरून पार कोलकात्याला जायचा. गेल्या काही वर्षांत पैसे ‘न निघण्या’ची तीन मोठी प्रकरणं याच रस्त्यावरच्या शहरांतून बाहेर आली.

पहिलं नागपूरचं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्यानं पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांनी सांगितलेली हकीकत अशी : गोंदियाच्या एका बुकीनं त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन जुगाराची लिंक दिली. उघडून बघतो तर खात्यात आधीच आठ लाख जमा. सुरुवातीला तो जिंकला. पुढं हरतच गेला. एकूण ५८ कोटी गेले, आले पाचेक कोटी. शंका आली म्हणून त्यानं पैसे परत मागितले, तर समोरून नकार. पोलीस गोंदियाच्या घरी पोचले तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंच्या मापात सोनं-चांदी मिळाली, आणि आरोपी त्याआधीच दुबईला गेल्याचं सांगण्यात आलं. आरोप खरे की खोटे, हे कोर्ट ठरवेल. पण एक गोष्ट बघा. ज्याच्याकडे ५८ कोटी होते, वकील होते, ओळखी होत्या, त्यालाही ‘माझे पैसे द्या’ म्हटल्यावर ते मिळाले नाहीत.

दुसरं भिलाईचं. महादेव अ‍ॅप ज्यांनी उभं केलं असं ईडी म्हणते, ती मंडळी मूळची या गावची, कारभार दुबईतून. ईडीनं २०२३ मध्ये त्याची रचना सांगितली, ती आपल्या विषयाला अगदी धरून आहे. गिऱ्हाईकानं व्हॉट्सअ‍ॅपवर संपर्क केला की त्याला दोन वेगळे नंबर मिळत. एक पैसे टाकायला, दुसरा पैसे काढायला. टाकायची खिडकी वेगळी, काढायची वेगळी. गावोगावी ‘पॅनल’ वाटलेली, नफ्याची वाटणी ७०-३०. खात्यांमध्ये दुसऱ्यांच्या नावावर उघडलेली बेनामी खाती. आणि खेळ असे रचलेले की सुरुवातीला कुणी जिंकलं तरी एकूणात पॅनलवाल्याचं नुकसान होऊ नये. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं महादेवसह २२ अ‍ॅप आणि साइट ब्लॉक केल्या. एक बंद झालं की त्याच चेहऱ्याचं दुसरं नाव घेऊन येतं, हे तुम्हाला ग्रुपवर येणाऱ्या लिंकवरून माहीत असेलच.

तिसरं कोलकात्याचं, ई-नगेट्स नावाचं गेमिंग अ‍ॅप. १० सप्टेंबर २०२२ ला ईडीनं तिथं धाडी घातल्या, एका घरात सतरा कोटींच्या वर रोकड निघाली. नोटा मोजायची मशीन लावलेले ते फोटो तेव्हा सगळीकडे फिरले होते. त्या वेळी ईडीनं या अ‍ॅपची पद्धत सांगितली ती अशी. सुरुवातीला वॉलेटमधले पैसे झटपट काढता यायचे, कमिशनही मिळायचं. विश्वास बसला, लोकांनी रक्कम वाढवली. चांगलं घबाड जमल्यावर एक दिवस विथड्रॉवल बंद. कारण काय, तर सिस्टीम अपग्रेड चालू आहे, तपास यंत्रणांची चौकशी चालू आहे. आणि मग अ‍ॅपच्या सर्व्हरवरून लोकांची सगळी माहितीच पुसून टाकली.

तुमच्या मित्राला पहिल्यांदा दोनशे रुपये दहा मिनिटांत मिळाले होते ना? तो तो दिवस अजून सांगतो. ‘‘अरे, खरंच येतात पैसे.’’ त्या दोनशे रुपयांना धंद्याच्या भाषेत जाहिरातीचा खर्च म्हणतात.

तुमचे पैसे येतात कुठून?

बेकायदा साइटला स्वतःच्या नावाचं बँक खातं ठेवता येत नाही. म्हणून ती दुसऱ्यांची खाती वापरते. पोलीस त्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, ओझं वाहणारं. आज पैसे टाकायला एक यूपीआय आयडी मिळतो, उद्या दुसरा, परवा भलत्याच राज्यातल्या कुण्या किराणा दुकानाचा क्यूआर कोड. कारण कालचं खातं बँकेनं नाहीतर पोलिसांनी गोठवलेलं असतं. ते गोठलं की त्यातून जायचे पैसेही अडकतात. नवं खातं मिळेपर्यंत सगळ्यांचं विथड्रॉवल ‘पेंडिंग’.

काही ठिकाणी तर मधलं खातंही नसतं. जिंकलेल्याचा यूपीआय आयडी थेट नव्यानं डिपॉझिट करणाऱ्याला दिला जातो. म्हणजे तुमचे पैसे तेव्हा येणार, जेव्हा दुसरीकडे कुणीतरी तेवढेच टाकायला तयार होईल. तोपर्यंत थांबा.

आणि समजा आले. ते कुणाचे असतील, याचा विचार केलाय? दुसऱ्या जुगाऱ्याचे असतील. किंवा पुण्यात ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली लुटलेल्या एखाद्या रिटायर्ड मास्तरांचे. त्यांनी १९३० वर तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढतात. हे खातं, तिथून ते खातं, तिथून तुमचं. आणि तुमच्या खात्यातली रक्कम किंवा अख्खं खातं गोठतं. बीएनएसएसच्या कलम १०६ नं पोलिसांना तो अधिकार आहे. त्याच खात्यात स्कॉलरशिप येते, वडिलांचे पीकविम्याचे पैसे येतात, हे सॉफ्टवेअरला दिसत नाही. मग ज्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे तिथं, मग ते हैदराबाद असो नाहीतर गुवाहाटी, पत्रव्यवहार करत बसायचं.

याच साखळीत आणखी एक आमिष आहे, आणि ते कॉलेजच्या मुलांनाच दाखवलं जातं. ‘तुला काही करायचं नाही. फक्त खातं काढ, एटीएम आणि सिम आम्हाला दे, महिन्याला काही हजार घे.’ पॉकेटमनीच्या भाषेत हे फुकटचे पैसे वाटतात. पण त्या खात्यातून जे काही जाईल त्याच्या कागदावर नाव तुमचं. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं ‘म्यूलहंटर’ नावाची एआय यंत्रणाच बनवली आहे. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. ज्यानं सिम नेलं त्याचं खरं नाव तुम्हाला माहीत नसतं.

आधी टॅक्स भरा, मग पैसे

पेंडिंगचे तीन दिवस उलटले की पुढचा मेसेज येतो. ‘अभिनंदन, तुमची रक्कम मंजूर झाली आहे. नियमानुसार ३० टक्के टॅक्स जमा करा, लगेच रिलीज होईल.’ ३० टक्के हा आकडा खरा असल्यामुळे माणूस फसतो. म्हणून मघाशी ‘कापून’ शब्द लक्षात ठेवा म्हटलं. आयकर कायद्यात जिंकलेल्या रकमेतून टॅक्स कापला जातो. तुमच्या खिशातून आधी भरायला कुणी सांगत नाही. अठरा हजार मिळवायला साडेपाच हजार भरा, असं जो सांगतो तो साडेपाच हजार घ्यायलाच बसलाय. ते भरले की ‘अकाउंट अनफ्रीझ फी’ निघते. ती भरली की ‘व्हीआयपी लेव्हल’. मित्राकडून उसने, मग लोन अ‍ॅप, मग घरातली एखादी वस्तू. अठरा हजारांच्या मागे लागून चाळीस हजार गेलेले असतात. ते अठरा हजार मुळात स्क्रीनवरचा आकडा होता, त्याच्या मागे पैसा नव्हताच.

आपल्या भागात उधारी कुणाला नवीन नाही. बागेत केळीची काढणी होते, काटा होतो, गाडी भरून जाते आणि व्यापारी म्हणतो, पेमेंट आठ दिवसांनी. कधी आठाचे अठ्ठावीस होतात, कधी व्यापारी पळूनही जातो. पण त्याचं गाव माहीत असतं, गाडीचा नंबर असतो, काट्याची पावती असते. चार लोकांना घेऊन दारात जाता येतं, नाहीतर कोर्टात. जुगाराच्या पैशाचं तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक आहे, आणि पैजेत जिंकलेले पैसे मिळावेत म्हणून दावा लावता येत नाही. हे कलम साहेबाच्या काळापासून आहे. त्यामुळे ‘पेंडिंग’वाल्यावर वसुलीचा दावा टाकतो म्हटलं, तर ती वाटही बंद. फसवणुकीची फिर्याद मात्र देता येते, तो वेगळा मुद्दा आहे.

आणि ती द्यायला हवी. ‘आपण जुगार खेळत होतो, आता पोलिसांत कसं जायचं?’ या भीतीवरच त्या टेलिग्रामवाल्याचा धंदा चालतो. नवा कायदा खेळणाऱ्याला गुन्हेगार धरत नाही, हे वर सांगितलंच. ‘टॅक्स’, ‘फी’ असं काही नुकतंच भरलं असेल, तर १९३० ला फोन लगेच करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तरच ते थांबवता येतात, त्यामुळे रात्र जाऊ देऊ नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकता येते, जळगावला सायबर पोलीस ठाणंही आहे. चॅट डिलीट करू नका. घरी दिसेल म्हणून पोरं आधी तेच करतात आणि पुरावा जातो. आयडीचा स्क्रीनशॉट, प्रत्येक वेळी बदललेले यूपीआय आयडी, समोरच्याचे नंबर आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर एका जागी लिहून ठेवा. यूटीआर यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत मिळतो.

यानंतर बहुतेक आणखी एक फोन येईल. ‘तुमचे अडकलेले पैसे आम्ही काढून देतो, फक्त दोन हजार प्रोसेसिंग.’ तुमचा नंबर त्याच्याकडे कुठून आला, एवढंच त्याला विचारा आणि ठेवून द्या.

कर्ज अंगावर आलं असेल आणि रात्री झोप लागत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरी सांगायची हिंमत होत नसेल, तर आधी मावशी, मामा, मोठी बहीण, ज्याच्याशी जमेल त्याला सांगा. आणि खातं गोठलं असेल, तर एटीएमवर चकरा मारू नका. बँकेत लेखी अर्ज देऊन दोन गोष्टी मागा : कुठल्या पोलीस ठाण्याच्या कुठल्या तक्रारीवरून गोठवलं, आणि वादातली रक्कम नेमकी किती. पुढचा पत्रव्यवहार त्या कागदाशिवाय सुरू होत नाही.